आईचं नाव कुठेच नव्हतं

होम लोनच्या फाइलवर सह्या करून करून माझं बोट सुजायचं बाकी होतं. पण मिळाला एकदाचा फ्लॅट! दोघांच्या नावावर, ईएमआय अर्धा-अर्धा. आम्ही एकदम मॉडर्न कपल वगैरे. घर बघायला आलेली माझी वकील मैत्रीण चहा पिता पिता म्हणाली, "विल केलंत का?"

मला हसूच आलं. अहो, वय तेहतीस! मृत्युपत्र आजोबा लोकांनी करायचं. शिवाय माझ्या एफडीला नॉमिनी आई होतीच की.

"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे," ती म्हणाली. "बँक पैसे तिच्या हातात देईल, पण हक्क वारसांचा. आणि तुझी आई तुझ्या वारसांच्या रांगेत फार मागे उभी आहे."

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. विल न करता नवरा गेला, तर बायको, मुलं आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. विवाहित बाई गेली, तर आधी नवरा आणि मुलं. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. त्यानंतर कुठे तिचे आई-वडील! तिने स्वतः कमावलेल्या पैशालाही हेच लागू.

"आणि दोघंही एकदम गेलो तर?" मी चिडूनच विचारलं. कोण आधी गेलं ते कळत नसेल, तर वयाने लहान तो मागे राहिला असं कायदा धरतो. मी नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. म्हणजे क्षणभर जास्त जगूनही माझं सगळं सासरीच!

मग तिने सुप्रीम कोर्टाचा २००९ चा एक निकाल सांगितला. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी बाहेर काढलं. ती माहेरी राहून शिकली, नोकरी केली, आणि विल न करता वारली. तिची सगळी कमाई मिळाली नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. तिच्या आईला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी आई मिरजेला एकटी असते. पेन्शन नाही. घरभाडं, औषधं, सगळं माझ्या पगारातून जातं.

नवऱ्याला सांगितलं, तर तो गप्प. मग म्हणाला, "मी तुझ्या आईला वाऱ्यावर सोडेन असं वाटतं तुला?"

लागलं मला ते. "तू नाही सोडणार रे. पण तूच नसलास तर?"

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "शुभ बोल रे नाऱ्या! नव्या घरात काय हे विषय?" दोन दिवस घरात जरा टेन्शनच होतं.

रविवारी मी लिहायला बसले. स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्ट्रेशनची सक्ती नाही. साधा कागद आणि माझी सही बघून माझ्यासमोरच सही करणारे दोन साक्षीदार. शेजारचे काका-काकू आले. (काकूंनी "काही आजारबिजार नाही ना गं?" असं तीनदा विचारलं.) फ्लॅटमधला माझा हिस्सा नवऱ्याला, एफडी आणि म्युच्युअल फंड आईला. नवऱ्यानेही स्वतःचं वेगळं लिहिलं.

काका-काकू गेल्यावर सासूबाई कप उचलायला आल्या. जरा घुटमळल्या.

"एक कोरा कागद दे गं मला. माझ्या पाटल्यांचं लिहायचंय."