ॲडजस्ट करायचं, म्हणजे नक्की काय?

मैत्रिणींनो, आज सकाळपासून ‘ॲडजस्ट’ हा शब्द किती वेळा कानांवर पडला, जरा आठवून बघा. मुंबईच्या लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथी येते आणि ‘जरा ॲडजस्ट करा हं’ म्हणत टेकते. कामाच्या बाईंना दिलेली उचल पुढच्या पगारात ॲडजस्ट होते. शिंपी सांगतो, ब्लाउजला आत माया ठेवलीय, लागलं तर ॲडजस्ट करून देईन. जेवायला दोन माणसं अचानक वाढली की आपण आमटीत पाणी वाढवतो, तेही ॲडजस्टच. आणि लग्न जमवताना तर विचारूच नका! ‘आमची मुलगी अगदी ॲडजस्टिंग आहे हो!’ मुलाबद्दल असं कुणी कौतुकानं सांगितलेलं मी तरी आजवर ऐकलेलं नाही.

शब्द एकच, पण बाकावर त्याचा अर्थ सरकणं, पगारात वळतं करणं, शिंप्याकडे उसवून पुन्हा शिवणं आणि स्वयंपाकघरात पातळ करणं. सासरी जाणाऱ्या मुलीला आपण ‘ॲडजस्ट कर बाई’ म्हणतो तेव्हा यातलं नेमकं काय करायला सांगतो?

मराठीत शब्द नाहीत असं मुळीच नाही. एकदा तांदूळ निवडता निवडता मी मोजायला बसले. जुळवून घेणं, मिळतं घेणं, पडतं घेणं, सांभाळून घेणं, ऐकून घेणं, चालवून घेणं, खपवून घेणं, गोड मानून घेणं. बघितलंत? सगळ्यांच्या शेपटाला ‘घेणं’. घेणारी कोण ते आपल्याला ठाऊक आहे. देणाऱ्याचा पत्ता या शब्दांत कुठे सापडत नाही. तरी हे शब्द एकमेकांचे जुळे भाऊ नव्हेत हं. जुळवून घेण्यात दोन्ही बाजू थोड्या थोड्या हलतात. पडतं घेणं एकाच बाजूचं, पण तेवढ्यापुरतं. आज मी, उद्या तू. खपवून घेण्यात समोरच्याचं चुकलंय हे आपल्याला पक्कं माहीत असतं आणि तरी आपण गप्प बसतो. या घोळक्यात एक शब्द मात्र निराळा आहे, ‘सामावून घेणं’. ते काम सुनेचं नव्हे, घराचं. इंग्रजी ‘ॲडजस्ट’ आला आणि या सगळ्यांना एकाच डब्यात कोंबून वर झाकण लावून बसला. पडतं घेतलं काय नि खपवून घेतलं काय, सगळं ॲडजस्टच!

गंमत म्हणजे इंग्रजीत हा शब्द बऱ्याचदा वस्तूंना लावतात. घड्याळ ॲडजस्ट करायचं, चष्म्याची दांडी ॲडजस्ट करायची. म्हणजे ॲडजस्ट करणाऱ्याच्या हातात किल्ली असते आणि बदलते ती वस्तू. स्वतःला बदलायचं असेल तेव्हा शब्द तोच, पण वाक्याची घडण वेगळी. आपल्याकडे बायकांच्या वाट्याला बहुधा ही दुसरी घडणच येते.

शिवणयंत्र चालवणाऱ्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. वरच्या दोऱ्याचा ताण एका चकतीनं कमीजास्त करायचा, खालच्या दोऱ्याचा बॉबिन-केसच्या इवल्याशा स्क्रूनं. (या ताणालाच शिंपी ‘टेन्शन’ म्हणतात. घराघरांत पोचायच्या आधी तो शब्द मशिनीत होता!) दोन्ही ताण बरोबर असले की दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या मध्यावर, आतल्या आत बसते, दिसतसुद्धा नाही. वरचा दोरा फार ताणला की तो खालच्याला ओढून वर आणतो आणि टीप उसवायला तयार. अशा वेळी आपण वरची चकती सैल करून बघतो. बिचाऱ्या खालच्या दोऱ्याला ‘तूच ॲडजस्ट कर’ असं कुणी सांगत नाही.

आता शब्दकोशात डोकावू. ‘ॲडजस्ट’मध्ये ‘जस्ट’ दिसतो म्हणून त्याचा न्यायाशी संबंध असावा असं वाटतं. पूर्वी फ्रेंचांनाही तसंच वाटलं होतं. मूळ मात्र ‘जवळ’ या अर्थाच्या ‘जुक्स्टा’ या लॅटिन शब्दात आहे. म्हणजे ॲडजस्ट करणं म्हणजे जवळ आणणं. आणि या ‘जुक्स्टा’चा धातू तोच, जो आपल्या संस्कृत ‘युज्’चा आणि बैलांच्या मानेवरच्या ‘जू’चा! जू काय किंवा जवळीक काय, दोघांशिवाय होत नाही. याच्या शेजारचा ‘कॉम्प्रमाइज’ बघा. त्याच्या पोटात ‘प्रॉमिस’ आहे. दोघांनी मिळून वचन द्यायचं, की तिसरा जो निवाडा देईल तो आम्ही दोघंही मानू. आता एकटीनं केलेल्या तडजोडीलाही आपण तेच नाव देतो.

पण या शब्दाचा मला सर्वांत आवडणारा अर्थ कोशात नाही भेटला, कचेरीत भेटला. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी फोर्टमधल्या एका विमा कंपनीत टायपिस्ट होते, सागरी विम्याच्या विभागात. तिथे ‘ॲव्हरेज ॲडजस्टर’ नावाच्या तज्ज्ञांची जाडजूड बाडं येत आणि त्यांतली पानंच्या पानं मला टाइप करावी लागत. लंडनमध्ये या मंडळींची संघटना १८६९ सालापासून आहे. यातला ‘ॲव्हरेज’ म्हणजे आपली सरासरी नव्हे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मालाची खराबी. नुकसान सगळ्यांत वाटता वाटता त्याच शब्दाला पुढे सरासरीचा अर्थ आला.

हे ॲडजस्टर करतात काय? समजा, वादळात जहाज बुडायला आलंय. हलकं करायचं म्हणून कप्तान एका व्यापाऱ्याची पोती समुद्रात फेकून देतो. जहाज वाचतं, बाकीच्यांचा माल वाचतो. आता त्या एकाचं नुकसान कुणाचं? नियम सांगतो, सगळ्यांचं. ज्याचं जेवढं वाचायचं होतं, त्या प्रमाणात प्रत्येकानं वाटा द्यायचा, जहाजाच्या मालकानंसुद्धा. सोपा हिशेब घ्या. जहाजाची किंमत बाजूला ठेवू. चौघांचा प्रत्येकी लाखाचा माल होता, एकाचा गेला. चौघांनी पंचवीस-पंचवीस हजार सोसायचे. ज्याचा गेला तोही पंचवीस सोसतो, पण पंचवीसच, लाख नव्हे. आणि अट अशी, की संकट खरं असलं पाहिजे. आभाळ स्वच्छ, समुद्र शांत आणि कप्तानाला उगीच एखाद्याची पोती नजरेत खुपली म्हणून फेकली, तर ते यात बसत नाही.

हा नियम फार जुना. इ. स. ५३३ मध्ये पुऱ्या झालेल्या जस्टिनियनच्या कायदेसंग्रहातही तो ऱ्होड्स बेटाच्या नावानं आहे. आणि इतिहासजमा झालाय म्हणाल तर तेही नाही. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे अगडबंब जहाज आडवं अडकलं होतं ना, त्याच्या मालकांनीही पुढे याच नियमाचा आधार घेतला. सुटकेच्या खर्चाचा वाटा जहाजावर माल असलेल्यांकडे मागितला गेला.

१९९० साली यजमानांची बदली सोलापूरला झाली आणि मी राजीनामा दिला. सगळे म्हणाले, छान ॲडजस्ट केलंस. आमचं जहाज व्यवस्थित पुढे गेलं, मुलं शिकली, यजमान वरच्या जागेवरून निवृत्त झाले. पोती गेली ती माझी, आणि बाडात तशी नोंद करायला कुणी बसलं नव्हतं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे माझी लेक. ती नाशिकला बँकेत आहे. जावयांना हैदराबादेत चांगली जागा मिळाली आणि घरात तेच सुरू झालं. विहीणबाई भल्या आहेत, पण त्याही म्हणाल्या, “दोन-तीन वर्षं घरी राहा, थोडं ॲडजस्ट कर.” रात्री लेकीचा फोन. “आई, तू सांग. करू का ॲडजस्ट?”

मी म्हटलं, “कर ना. पण आमच्या ऑफिसातल्यासारखं कर. कागद घे आणि मांड. जहाज खरंच बुडतंय का? कुणाची पोती जाणार, कुणाचं काय वाचणार आणि प्रत्येकाचा वाटा किती?”

दोघं खरोखरच कागद घेऊन बसली! पहिल्याच प्रश्नाला जावई जरा घुटमळले म्हणे, कारण नाशिकची त्यांची नोकरी काही जात नव्हती. तरी हैदराबादची संधी सोडू नये असं लेकीलाही वाटत होतं. तेव्हा ठरलं ते असं : तिनं आधी बदलीसाठी अर्ज करायचा आणि तो मंजूर होईपर्यंत त्यांनी एकट्यानं तिकडे राहायचं. बदली नाहीच मिळाली तर तिनं बिनपगारी रजा मागायची. रजेच्या काळात तिच्या पगाराएवढं नुकसान दोघांचं. म्हणजे निम्मी रक्कम दर महिन्याला जावयांच्या पगारातून तिच्या नावावर जमा. विहीणबाईंनी कागद चष्मा लावून वाचला आणि विचारलं, “आमच्या वेळचं याच्यात धरता येतं का गं?”

एक बाब मात्र अजून लोंबकळतेय. रजा घेतली तर तिची बढती मागे पडणार, तिची किंमत किती धरायची? जावई म्हणतात, बढती म्हणजे अजून न मिळालेला माल, तो हिशेबात कसा येईल? लेक म्हणते, पोतं माझंच आहे, फक्त अजून जहाजावर चढायचंय. परवा फोनवर दोघांनी मलाच विचारलं, तुमच्या ऑफिसात अशा वेळी काय करायचे? मी म्हटलं, अहो, मी टायपिस्ट होते, ॲडजस्टर नव्हे!