डोंगराचं पाणी आणि माझी बुजवलेली नाली



मागच्या रविवारी म्हैसमाळला जाऊन आलो. फिरायला नाही, अद्रक बघायला. म्हैसमाळच्या पायथ्याला एका काकांची अद्रक आहे. पुढच्या वर्षी लागवड करायची असेल तर बेणं आत्ताच, उभ्या पिकात बघून ठरवावं, हे आपण सगळेच एकमेकांना सांगतो. करतो किती जण, ते सोडा. मी गेल्या वेळी पोत्यातलं बेणं बघून घेतलं होतं. यंदा म्हटलं, वावरात जाऊनच बघू.

पोरगी सहावीत आहे. तिला कळलं म्हैसमाळला चाललोय, तर म्हणाली, "पप्पा, मला ढग बघायचेत." रेनकोट घातले, मोटारसायकल काढली आणि फुलंब्रीवरून खुलताबादला आलो.

श्रावणातला रविवार. संभाजीनगरपासून म्हैसमाळ साधारण ४० किलोमीटर, त्यामुळं निम्मं शहर घाटात. खुलताबादच्या पुढं गाड्यांची रांग लागली ती हलेचना. दुचाकी होती म्हणून कडंकडंनं वर पोचलो. वर १,०६७ मीटर उंचीवर नुसतं धुकं. दूरदर्शनचा मनोरा समोर असून दिसत नव्हता. गिरिजा देवीचं दर्शन घेतलं. पोरीनं ढगात हात घालून बघितला, तिचं काम झालं.

मग कणीस घेतलं. भाजलेलं, लिंबू-मीठ लावलेलं, ३० रुपयाला एक. खाता खाता हिशोब केला. मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव २,४०० रुपये क्विंटल होता. एका कणसाचे वाळलेले दाणे दीडशे ग्रॅम धरले तर साडेतीन रुपये झाले. कणीस विकणाऱ्या ताईंना विचारलं, मका कुठला? त्यांनी खाली धुक्यात बोट दाखवलं. "आमचाच हाये. खालच्या गावातला." मला जायचं होतं तेच गाव.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काकांनीच सांगितलं, "लिहू नका, नाहीतर पुढच्या रविवारी रांग इकडं."

घाट उतरलो, डांबरी सोडली आणि पाणंदीला लागलो. दोन-तीन किलोमीटरमध्ये हॉर्न, गाणी, सगळं बंद. शांत गाव म्हणजे तिथं काही चालत नाही असं नाही. सगळे वावरात. एका रानात बाया खुरपत होत्या, एका ठिकाणी पोतं पांघरून एक म्हातारा म्हशी राखत होता. बाकी आवाज फक्त पाण्याचा. कुठं ओघळ, कुठं ओढा, कुठं बांधाखालून झिरपणारं.

काका पासष्टीच्या पुढचे. चहा झाला. मी म्हटलं, "चला काका, प्लॉट बघू." त्यांनी डोक्यावर घोंगता घेतला आणि हातात कुदळ. पण प्लॉटमध्ये नेलंच नाही. आधी प्लॉटच्या भोवती फिरवलं, तेही पावसात.

वरच्या बांधाला, डोंगराच्या बाजूनं, आडवा चर. माझ्या गुडघ्याच्या वर खोल. डोंगरावरून येणारं सगळं पाणी तो चर अडवतो आणि एका कडंला नेऊन दगडं रचलेल्या ओघळीत सोडतो. ती ओघळ प्लॉटच्या कडंनं खाली नाल्याला जाते. म्हणजे डोंगराचं पाणी अद्रकीला शिवतच नाही. अद्रकीत पडतो तो फक्त आभाळातला पाऊस. त्याच्यासाठी सव्वा फूट उंच बेड, आणि दोन बेडांमधली प्रत्येक सरी खालच्या अंगाला उघडी. एकाही सरीचं तोंड बंद नाही. काका चालता चालता कुदळीनं सरीच्या तोंडातलं गवत काढत होते, आपण शर्टावरचा धागा काढावा तसं.

"पाऊस आला की लोकं घरात पळतात," काका म्हणाले. "मी वावरात येतो. पाणी कुठून जातं, ते पाऊस चालू असतानाच दिसतं. उन्हात सगळंच बरोबर वाटतं."

त्यांनी डोंगराकडं हात केला. म्हणाले, हा डोंगर पाणी वाटून देतो. एका अंगाचं वेरूळकडं जातं, येळगंगेला. लेण्यांपाशी २९ नंबरजवळ जो धबधबा पडतो, सीता की नहाणी म्हणतात, ते पाणी म्हैसमाळच्या माळावरनंच येतं. दुसऱ्या अंगाचं गिरिजेला. गिरिजा पुढं पूर्णेला, पूर्णेवर येलदरी धरण, आणि शेवटी सगळं गोदावरीत.

गिरिजा आमच्या शिवाराजवळूनही वाहते. ज्या ढगात पोरीनं हात घातला, त्याचंच पाणी आमच्याकडं येतं, हे इतक्या वर्षांत कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग काकांनी वरच्या कोपऱ्यातली एक जागा दाखवली. तिथं चर दुप्पट रुंद केलेला. विचारलं, हे का? म्हणाले, वरच्या अंगाला एकानं प्लॉट पाडलेत. गाड्या जायला मुरूम टाकून रस्ता केला, त्यात ओढ्याचं तोंड दबलं. नळ्या टाकल्या नाहीत. तेव्हापासून पाणी तिरकं होऊन यांच्या रानावर येतं. पहिल्याच पावसाळ्यात अर्धा एकर खरडून गेलं. मग चर वाढवला, पदरच्या पैशानं.

मी चिडलो. "लोकांना अक्कल नाही काका. पाण्याची वाट बुजवतात आणि खालच्याचं वाटोळं करतात."

काका काही बोलले नाहीत. तेवढ्यात पाणंदीवर एक गाडी थांबली. काच खाली झाली. "काका, इथं जागा विकायला आहे का?" काकांनी नुसता हात हलवला. गाडी गेली. "आजची तिसरी," म्हणाले.

मग प्लॉटमध्ये गेलो. माहीम वाण, अक्षय तृतीयेची लागण. फुटवे चांगले, पानं गडद, आणि पूर्ण एकरात पिवळी पडलेली झाडं मी शोधत होतो, ती बांधाकडंला दोन सापडली. काकांनी ती आधीच खुणा करून ठेवली होती, मातीसकट काढून टाकायची म्हणून. गेल्या वर्षी त्या रानात मका होता. अद्रकीवर अद्रक नाही, हळदीवर नाही, मिरची-टोमॅटोवरही नाही, हा त्यांचा नियम. शेणखतात ट्रायकोडर्मा मुरवून टाकलेला. मी म्हटलं, "काका, माझं ठरलं. एका एकराचं दहा क्विंटल बेणं मला ठेवा. इसार आत्ता देतो."

काका म्हणाले, "बेणं देतो. आधी एक सांगा पाहुणे. तुमच्या वावरातलं पाणी कुठून बाहेर काढता?"

मी गप्प.

इथं तुम्हाला गेल्या वर्षीचं सांगावं लागेल. २०२३ च्या पावसाळ्यात अद्रकीला भाव चढला, ते बघून २०२४ ला मी एक एकर लावली. पीककर्ज होतंच, वर मेव्हण्याकडून ८० हजार उसने. पीक जुलैपर्यंत असं होतं की लोकं बघायला यायची. या पेजवर फोटोही टाकले होते मी. मग पोळ्याला मराठवाडाभर तो पाऊस झाला. माझ्या रानात दोन दिवस पाणी उभं. आठवड्यात पानं पिवळी, झाड ओढलं की हातात, आणि खाली गड्डा सडलेला, वास मारणारा. कंदकूज. चार आळवण्या केल्या. दुकानदार बदलला, औषध बदललं. निम्म्याहून जास्त प्लॉट गेला.

तेव्हा मी सगळ्यांना एकच सांगितलं, की वरच्या अंगाच्या चुलतभावाचं पाणी माझ्यात घुसलं. दादाला तोंडावर बोललो, चार माणसांसमोर. तेव्हापासून बोलणं बंद होतं. दिवाळीला त्यांच्याकडं फराळाचं ताट गेलं नाही, त्यांच्याकडून आलं नाही.

काकांच्या प्रश्नाला मी काहीतरी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात पोरगीच बोलली. "पप्पा, आधी नाली होती ना आपली. दादाकाकांच्या बांधाजवळ. तुम्ही ट्रॅक्टरनं बुजवली."

होती. आज्यानं खांदलेली, दोन्ही वावरांच्या मधली. वरचं पाणी तिच्यातून खाली नाल्याला जायचं. नाली आणि तिच्या कडंचं गवत धरून आठ-नऊ फूट जागा. २०२४ च्या एप्रिलमध्ये बेड पाडताना मला वाटलं, एवढी जागा फुकट का घालवायची? दोन बेड जास्त बसतील. बसले पण. त्या दोन बेडांपायी बाकीचे सडले. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण दादाला बोलून मोकळं झालो होतो, मग परत कोण विचार करतो?

प्लॉटवाल्याला अक्कल नाही, हे मी अर्ध्या तासापूर्वीच म्हटलं होतं. काकांना बहुतेक ते आठवत असावं, पण ते काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझं रान मुरमाड, उताराचं. तरी मी पावसात फिरतो. तुमचं काळं, खोल, सपाट. तुम्हाला तर माझ्या दुप्पट फिरावं लागंल. औषध सड थांबवायला मदत करतंय, पण पाण्यात बुडलेल्या गड्ड्याला श्वास कुठून देणार?"

इसार त्यांनी घेतला नाही. अट घातली. "नाली मोकळी करा. मोठा पाऊस झाला की पाऊस चालू असताना व्हिडिओ काढून पाठवा. पाणी जाताना दिसलं की दहा क्विंटल तुमचं."

घरी येईस्तोवर अंधार पडला. येताना घाटाखालून परतीच्या गाड्यांची रांग दिसत होती, लाल दिवे लांबपर्यंत. पोरगी पाठीला टेकून झोपली होती.

सोमवारी सकाळी कुदळ-फावडं घेऊन गेलो. नालीच्या जागेवर यंदा कपाशीच्या दोन ओळी आहेत. पात्या लागलेल्या, फुलं धरलेली. उपटताना हात जड झाला, खोटं कशाला सांगू. वरच्या टोकापासून सुरुवात केली. नऊच्या सुमाराला दादा बांधावर आले. बराच वेळ उभे राहिले. मी मान खाली घालून खांदत होतो. काय बोलावं ते सुचत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "दादा, चूक माझी होती. पाणी तुमचं नव्हतं, नाली माझ्याकडून गेली."

ते म्हणाले, "एकदम खोल घेऊ नको. बांध ढासळंल." आणि गेले. अकरा महिन्यांनी पहिलं वाक्य. दुपारी आले ते फावडं घेऊन.

तीन दिवस लागले. खालच्या नाल्यापर्यंत नाली आता मोकळी आहे. वरच्या टोकाला दगडं रचलीत, माती वाहू नये म्हणून. कडंला गवत परत येऊ देणार आहे, ते माती धरून ठेवतं.

मंडळी, तुमच्याही वावरात अशी एखादी जुनी नाली, चर, ओघळ असेल, जी वाटणीत, ट्रॅक्टरखाली किंवा दोन ओळींच्या लोभात गेली असेल. अद्रक, हळद, कांदा, डाळिंब, पीक कुठलंही असो, पुढचा पाऊस घरातून बघू नका. घोंगता घ्या आणि वावरात उभे राहा. पाणी तुमच्याकडं कुठून येतं आणि तुमच्यातून कुणाकडं जातं, दोन्ही बघा. आळवणीचा खर्च नंतर ठरवा.

आमच्याकडं सोमवारपासून कडक ऊन आहे. आभाळ मोकळं. दादा रोज सकाळी विचारतात, "हवामान काय सांगतंय?" अद्रक सडल्यापासून आभाळ भरून आलं की माझ्या पोटात गोळा यायचा. यंदा मी मोठ्या पावसाची वाट बघतोय.

राम राम.