मामांची ब्लँकची नळी

रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावरून ओहोटीला आणलेले समुद्री स्पंज आणि पाषाणची एक प्रयोगशाळा, एवढ्यावर माझी पीएचडी उभी आहे. ती पुरी झाली ती तिथल्या परिचर मामांमुळे, हे मला कधीचं लिहायचं होतं.

मामा पाषाणजवळच्या सूस गावचे, जन्माचे सूसकर. सूसला तेव्हा ग्रामपंचायत होती. महापालिका आली 2021 मध्ये. मला खोली त्यांनीच पाहून दिली, आपल्या घराच्या मागची. रात्री उशीर झाला की मामी भाकरी झाकून ठेवायच्या. पैशाचा विषय काढला की रागवायच्या.

स्पंज खडकाला चिकटलेला, त्याला पळता येत नाही. त्याचा बचाव बराचसा रसायनांवर चालतो. सायटाराबिन या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाची वाट स्पंजातल्या संयुगांनीच दाखवली. आमचं काम त्यामानानं लहान, अर्कात अँटिऑक्सिडंट गुण किती ते पाहायचं. डीपीपीएच या रसायनाचं जांभळं द्रावण अर्कात मिसळून अर्धा तास अंधारात ठेवायचं. अर्कानं हायड्रोजन दिला की जांभळा रंग उतरून पिवळा होतो. मग 517 नॅनोमीटरवर रीडिंग घ्यायचं, शेजारी तुलनेला क जीवनसत्त्व.

हे पुस्तकात सापडतं. मामांनी दिलं ते पुस्तकात नव्हतं. मार्करची शाई मेथॅनॉलनं पुसली जाते, म्हणून ते नळीच्या पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीनं नंबर घालत, बारीक, सरळ. अर्कात समुद्राचं मीठ राहिलं तर वजनच खोटं, म्हणून तो आधी निर्जल इथेनॉलमध्ये विरघळवून मीठ गाळून काढायला लावत. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे, ‘‘ताई, स्पंजाचा अर्क मुळातच पिवळट. दर नमुन्याला एक नळी डीपीपीएच न घालता लावा, ब्लँक म्हणून. अर्काचा स्वतःचा रंग वजा झाल्याशिवाय आकडा लिहू नका.’’

एकदा सूसच्या खिंडीत गाडी चढवताना त्यांनी विचारलं, ‘‘नळीत पिवळं झालं, म्हणजे माणसाला लागू पडेल का हो?’’ नाही पडत, तेवढ्यावरून तर मुळीच नाही. डीपीपीएच शरीरात नसतोच. पेशी, प्राणी, माणूस या पायऱ्या पुढेच असतात. माझ्या प्रबंधातली चर्चा या प्रश्नापासून सुरू होते.

मामा आता निवृत्त आहेत. अर्कांवर काम करणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे : ब्लँकची नळी लावली होती, हे शोधनिबंधात स्पष्ट लिहा. आणि ती लावायला ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव ऋणनिर्देशात घाला, हुद्द्यासकट.