नानीचे हात

२९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या नंदुरबार जिल्ह्याचं नाव देशभर गेलं. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी, पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. मग ती यंत्रं गावोगाव फिरली. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि एक फोटो. समोर बघा, हलू नका, झालं.

आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा उभ्या आयुष्यातला फोटो म्हणजे एवढाच. नाहीतर मतदार ओळखपत्रावरचा, किंवा हजला गेले असतील तर पासपोर्टवरचा. माणूस गेलं की घरचे तेच कार्ड घेऊन स्टुडिओत जातात आणि 'मोठा करून द्या' म्हणतात. नखाएवढा फोटो मोठा केला की ठिपके मोठे होतात, माणूस काही त्यात येत नाही.

यामागचं एक कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तसवीर जायज की नाजायज, हा वाद जुना आहे. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांचं म्हणणं होतं की कॅमेरा नवीन काही घडवत नाही, तो फक्त सावली धरून ठेवतो. देवबंदच्या मुफ्ती मुहम्मद शफी यांना हे मान्य नव्हतं. आम्ही बहीण-भाऊ काही आलिम नाही. आम्ही नानीलाच विचारायचं ठरवलं.

नानीने चाळीसएक वर्षं नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर काम केलं. ओली लाल मिरची उन्हात पसरायची, उलटी-पालटी करायची, वाळली की बसून देठ खुडायचे. हातांची आग रात्री झोपू देत नसे. आधारच्या वेळी तिची बोटं यंत्रावर पुन्हा पुन्हा दाबून पाहिली, पण ठसे काही उमटेनात. रेघाच झिजल्या होत्या. घरी येऊन ती म्हणाली, "मशीन को मेरे हाथ नजरच नहीं आए." तेव्हाच आम्ही ठरवलं की नानीचा एक फोटो काढायचा, आणि त्यात हात दिसलेच पाहिजेत.

नानीने दोन अटी घातल्या. डोक्यावरची ओढणी सरकणार नाही आणि फोटो भिंतीवर टांगायचा नाही. आम्ही कबूल केलं.

पहिला विचार पथारीवर जाऊन फोटो काढण्याचा होता. मागे मैदानभर लाल मिरची आणि पुढे नानी. बाहेरून येणारे सगळे असाच फोटो काढतात. नानी म्हणाली, "मिर्ची सेठ की, मेरे फोटो में क्यूँ?" तिचं बरोबर होतं. एवढ्या लाल रंगापुढे पाहणाऱ्याची नजर तिच्यावर ठरलीच नसती.

म्हणून घरातच बसवलं. आमच्या घराचं दार उत्तरेला. थंडीच्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास तिथून मऊ उजेड आत येतो, ऊन मात्र येत नाही. अंगणातल्या उन्हात डोळे आकसतात आणि डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. नानीला दाराला थोडी तिरपी, पाटावर बसवलं. ती एवढी खाली बसल्यावर कॅमेरा उभ्याने धरला असता तर तिच्याकडे वरून पाहिल्यासारखं झालं असतं. म्हणून एकजण जमिनीवर बसला आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत आणला. दुसरीने पलीकडच्या बाजूने पांढरी चादर धरली, म्हणजे अंधारातल्या गालावरही थोडा उजेड परतून येतो.

अडचण पांढऱ्या ओढणीची होती. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून हिशोब करतो. पांढरं जास्त दिसलं की तो उजेड कमी घेतो आणि सावळा चेहरा काळवंडून जातो. काळ्या बुरख्याच्या बाबतीत उलट होतं, चेहरा पांढराफटक पडतो. आम्ही मीटरचं न ऐकता एक स्टॉप उजेड वाढवला. हात मांडीवर, एकावर एक. "हाथ छुपाऊँ?" तिने विचारलं. आम्ही नको म्हटलं.

फोटो कृष्णधवल केला. आता रंगछटेचा प्रश्न आला. मामांना तांबूस, जुन्या फोटोसारखा हवा होता. पूर्वी ती छटा खरोखर कामाची होती. प्रिंट रसायनात फिकी करून सोडियम सल्फाइडच्या पाण्यात बुडवत, डार्करूमभर सडक्या अंड्यांचा वास सुटे, पण कागदावरच्या चांदीचं सल्फाइड होऊन फोटो जास्त टिके. संगणकावर चढवलेल्या तांबूस रंगाने काही टिकत नाही, फक्त माणूस जुना झाल्यासारखा वाटतो. आमची नानी तर समोर चहा पीत बसली होती. आम्ही सावल्यांमध्ये किंचित ऊब ठेवली, बाकी काही नाही.

खालांचं म्हणणं वेगळंच होतं. "थोडी गोरी कर दो, सुरकुत्या मिटा दो." लग्नाच्या अल्बमात सगळे करतात, त्यात त्यांचं काय चुकलं? पण सुरकुत्या मिटवायच्या तर हातांच्याही मिटवाव्या लागणार, मग फोटो कशाला काढला? नानीने प्रिंट हातात धरली, डोळ्यांपासून लांब नेली, जवळ आणली. चेहऱ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. बोटांवर बोट ठेवून म्हणाली, "हाँ, ये मेरे ही हैं."

अटीप्रमाणे तो फोटो पेटीत, निकाहनाम्याच्या कागदांजवळ राहिला. नानी गेल्यावर एका कागदासाठी तिचा फोटो लागला, तेव्हा आम्ही त्याचीच प्रत नेली. चेहरा सरळ नाही, कान दिसत नाहीत, म्हणून ती चालली नाही. कार्डावरचाच फोटो द्यावा लागला. आम्हाला वाईट वाटलं नाही. मामांच्या नातवंडांनी नानीला पाहिलेलं नाही. ईदला पेटी उघडली की ती पोरं तो फोटो मागून घेतात आणि आपापले हात त्या हातांशेजारी ठेवून बघतात.