पायाखालची मॅट आणि हाताची बोटं

भोसरी-चाकण भागातून हाताला मार लागलेले कामगार माझ्याकडे येतात, तेव्हा मी हमखास विचारतो, "मशीन थांबवायची काही सोय नव्हती का?" एका तरुण ऑपरेटरने सांगितलं, "सेफ्टी मॅट होती डॉक्टर. पण मशीन सारखी बंद पडायची, म्हणून बायपास केली होती." अडकलेला जॉब काढायला तो पुढे झाला आणि दोन बोटं चिरडली.

ही मॅट म्हणजे मशीनसमोर जमिनीवर अंथरलेलं जाड रबरी पायपुसणंच म्हणा ना! आत धातूचे दोन पातळ पत्रे, मधे थोडीशी फट. वर पाय पडला की पत्रे टेकतात आणि मशीनला थांबायचा इशारा जातो. सरकत्या दारांच्या कडेला असलेली रबरी पट्टीही अशीच दाबावर चालते.

आपल्या त्वचेतही दाब ओळखणारी टोकं असतात. चटका बसताच हात आपोआप मागे येतो. पण शरीराची ही यंत्रणा इजा सुरू झाल्यावर जागी होते, मॅट त्याआधी. म्हणून तिची जागा महत्त्वाची. माणूस सेकंदाला १.६ मीटर चालतो असं धरून, मशीन पूर्ण थांबायला लागणाऱ्या वेळेनुसार अंतर ठरवतात. मॅट जागची सरकवली तर हा हिशेबच चुकतो. आणि जुन्या पद्धतीच्या, एकदा सुटला की मधे न थांबणाऱ्या प्रेसवर मॅटचा उपयोग नाही. तिथे पक्की जाळीच हवी.

सुरीने कापलेलं बोट जोडणं त्यातल्या त्यात सोपं. चिरडलेल्या बोटात रक्तवाहिन्या आणि नसा बऱ्याच लांबीपर्यंत खराब होतात, त्यामुळे कधी कधी जोडण्यासारखं काही उरतच नाही.

तरीही अपघात झालाच तर:

• जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा.
• तुटलेलं बोट स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन ओलसर गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका.
• तोंडाने काही खायला-प्यायला देऊ नका. लगेच रुग्णालय गाठा.

आणि मॅट विनाकारण मशीन थांबवत असेल, तर ती दुरुस्त करून मागा. तिला बायपास करायला सांगितलं, तर स्पष्ट नाही म्हणा. घरच्यांनीही हे एकदा विचारून घ्यावं.