नुसतं बसायची ड्यूटी

मांजरांच्या शेल्टरमध्ये व्हॉलंटिअर होणं म्हणजे दिवसभर पिल्लं मांडीवर घेऊन फोटो काढणं, असं वाटत असेल तर विसरा! पहिले दोन तास हातात असतो झाडू. लिटर ट्रे साफ करायचे, भांडी घासायची, ब्लीचच्या पाण्यानं फरशी पुसायची. ब्लीचच का? तर पॅनल्युकोपेनियाचा विषाणू साध्या साबणाला दाद देत नाही, वर्षभरसुद्धा तग धरतो आणि लस न घेतलेली पिल्लं काही दिवसांत संपवतो. त्यामुळे एका खोलीतली चप्पल दुसऱ्या खोलीत चालत नाही. आजीचं सोवळं परवडलं!

आमचं शेल्टर कर्जतहून चौककडे जाताना लागतं. रविवारी सकाळची कर्जत लोकल, स्टेशनवरचा वडापाव आणि पुढे शेअर रिक्षा. कर्जत-खालापूर पट्ट्यात फार्महाऊसेस आणि 'सेकंड होम्स' बरीच झाली आहेत. मुलांच्या हौसेखातर तिथं पिल्लू पाळलं जातं आणि हौस संपली की गेटला कुलूप. 'मांजर काय, उंदीर मारून जगेल!' आयतं ताटलीत खाल्लेलं मांजर असं जगत नाही हो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड? १० ते ५० रुपये. आपल्या रिक्षाभाड्याएवढा.

राणीला कुणीतरी आंब्याच्या खोक्यात घालून गेटपाशी ठेवलं होतं, तिच्या चादरीसकट. सात-आठ वर्षांची, चांगली गुबगुबीत. गुरुवारी आली आणि रविवारपर्यंत तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. "जाड मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये साचायला लागते," डॉक्टर म्हणाले. "आज खाल्लं नाही तर उद्या नळी घालावी लागेल."

मला काम मिळालं ते तिच्या खोलीत बसण्याचं. बस्स! पंधरा मिनिटांत तीन मेल्सना उत्तरं देणाऱ्या माणसाला हे किती अवघड जातं, ते तुम्हाला कळेल.

"ताई, तिच्याकडे टक लावून बघू नका," शेल्टरच्या मावशी म्हणाल्या. "तिला वाटतं, भांडायला आलात. तुमचं काहीतरी वाचत बसा."

जवळ होता रविवारचा पेपर. मी हळू आवाजात 'वधू पाहिजे'च्या जाहिराती वाचायला लागले. गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष... खोक्यातून एक कान दिसला. उच्चशिक्षित, पुण्यात स्वतःचा फ्लॅट... दोन कान. मावशींनी मीठ न घालता उकडलेला, काटे काढलेला बांगडा कोमट करून आणला. गार अन्नाला वास येत नाही आणि मांजर आधी नाकानं जेवतं. बशी ठेवली, पाठ फिरवली आणि घटस्फोटितांच्या रकान्यापर्यंत पोचले, तेव्हा मागून चपचप आवाज आला.

तक्त्यावर लिहिलं: राणी, दीड चमचा. डॉक्टरांनी ते वाचलं आणि नळीचं उद्यावर ढकललं. ती शेवटी लागलीच नाही.

याला आता दोन महिने झाले. दत्तक घ्यायला लोक येतात, पिल्लांपाशी थांबतात. राणीचं वय ऐकलं की विचारतात, "मग आता किती दिवस राहिले हिचे?" घरात सांभाळलेलं मांजर पंधरा वर्षंही जगतं, हे मी दर वेळी सांगते. गेल्या रविवारी बदलापूरच्या एक निवृत्त बाई तिच्या खोलीत अर्धा तास नुसत्या बसून गेल्या. पुढच्या रविवारी परत येते म्हणाल्यात.