बर्फाला वजन खरे सांगावे

काश्मीरला जाणाऱ्या मराठी माणसाचे गुलमर्ग बहुधा एका दिवसाचे असते. सकाळी श्रीनगरहून निघायचे, पन्नास-एक किलोमीटरांच्या वाटेत टनमर्गला भाड्याचे गमबूट नि ओव्हरकोट चढवायचे, वर पोहोचताच गंडोल्याच्या रांगेत उभे राहायचे, लाकडी घसरगाडीवर बसून फोटो काढून घ्यायचे, घरून आणलेल्या चकल्या संपवायच्या आणि काळोखाच्या आत परत! यात वाईट काहीच नाही. पण हिवाळ्यात चार रात्री तिथे मुक्काम केला, तर एक निराळेच गुलमर्ग दिसू लागते. सहलीच्या गाड्या उतरून गेल्या, की रस्त्यावर उरतात ती खांद्यावर फळ्या घेतलेली माणसे. देवदारांच्या खाली दुकानांतून दिवे लागलेले असतात आणि आत कोणी इस्त्रीसारखे गरम हत्यार घेऊन फळीच्या तळाला मेण लावीत बसलेला असतो.

या फळीचे नाव स्नोबोर्ड. स्कीमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या असतात व तोंड उताराकडे असते. स्नोबोर्डवर मात्र दोन्ही पाय एकाच फळीला आडवे जखडलेले असतात आणि माणूस बाजू पुढे करून घसरतो. हा खेळ वयाने लहान. १९६५ सालच्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकत्र बांधल्या, आणि तिथून या फळीची कथा सुरू झाली. १९७७ साली जेक बर्टन कार्पेंटरने व्हरमाँटमध्ये अशा फळ्या बनवण्याचा कारखानाच काढला. १९९८ साली जपानातल्या नागानो येथे स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये आला. योगायोग असा, की गुलमर्गच्या गंडोल्याचा पहिला टप्पाही १९९८ सालचाच. २०२०पासून ‘खेलो इंडिया’चे हिवाळी सामनेही इथे भरू लागले आहेत.

आम्ही गेलो ते माझ्या भाचीच्या हट्टापायी. पुण्यात नोकरी करणारी, सव्वीस वर्षांची, हसरी मुलगी. पण वर्षभर तिचे हसणे जरा आटलेलेच होते. घरात स्थळे पाहणे चालू होते. एका घरून निरोप आला होता, “मुलगी चांगली आहे, पण अंगाने जरा जास्त.” असे निरोप जिच्यासाठी असतात तिच्या कानांवर जाऊ नयेत, एवढा शहाणपणा आपल्या घरांत अजून आलेला नाही. तेव्हापासून ती वजनकाट्यावर उभी राहिलेली नव्हती.

दुकानदार साठीच्या घरातला काश्मिरी. फेरनच्या आत कांगडी, पुढ्यात वही. त्याने पहिला प्रश्न विचारला, “वजन?” आजूबाजूला सात-आठ माणसे. भाची म्हणाली, “पंचावन्न.” मग माझ्याकडे वळून हळूच, “मामा, तू जरा बाहेर जाऊन ये ना.” मी दाराशी गेलो. दुकानदाराने आत जाऊन फळी आणली नाही. वहीतून मान वर न काढता तो एवढेच म्हणाला, “बेटी, मुझे नहीं, बर्फ को बताना है.” क्षणभर कोणी बोलले नाही. मग भाचीचा आवाज आला, “अडुसष्ट.” त्याने तो आकडा इतर आकड्यांसारखाच लिहिला आणि पुढचा प्रश्न विचारला, “पैर का नंबर?”

हे दोन प्रश्न त्याने या क्रमाने का विचारले, ते मला पुढल्या चार दिवसांत उमगले. पूर्वी स्नोबोर्ड उभा धरून पाहत. त्याचे टोक हनुवटी ते नाक यांच्या मध्ये आले म्हणजे झाले! पण फळीला तुमची उंची समजत नाही. तिला समजतो तो भार. म्हणून बनवणारे प्रत्येक फळीला वजनाचा पल्ला ठरवून देतात. भारी माणसाला आखूड फळी दिली, तर वेगात ती थरथरते आणि मऊ, ताज्या बर्फात तिचे नाक बुडते. हलक्या माणसाला लांब फळी दिली, तर ती वळता वळत नाही. पंचावन्न किलोंना साधारण १४५ सेंटिमीटरांची पुरली असती. अडुसष्टांना १५०च्या पुढची हवी. नवशिक्याने पल्ल्यातली जरा आखूड घ्यावी, म्हणजे वळणे सोपी जातात. पण पल्ल्याच्या बाहेर जाऊ नये.

पायाचा नंबर ठरवतो रुंदी. आडव्या पावलाची बोटे व टाच फळीच्या कडांच्या किंचित बाहेर आलेली चालतात. फार आली, तर वळताना बूट बर्फाला घासतो आणि स्वार उताणा! उलट फळी पावलाहून फार रुंद असेल, तर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणे जड होते. भाचीची पंचाईत इथेच होती. वजन म्हणे लांब फळी दे. पाऊल लहान, ते म्हणे अरुंद दे. पुरुषांच्या लांब फळ्या तिला रुंद पडत. दुकानदाराने बरीच शोधाशोध करून बायकांच्या मापाची १५२ची काढली. बायकांच्या फळ्या केवळ रंगाने वेगळ्या असतात असे मला वाटत होते. त्या पावलाच्या मापाने अरुंद आणि वाकायला मऊ असतात, हे तिथे कळले.

मग येतो स्वभाव. फळी जमिनीवर ठेवून पाहावी. मधला भाग कमानीसारखा उचललेला असेल, तर ती कडेने बर्फ घट्ट धरते. कठीण बर्फावर, वेगात भरवशाची. दोन्ही टोके होडीसारखी वर गेलेली असतील, तर ती मऊ बर्फावर तरंगते आणि चुका पोटात घालते. वाकवली असता सहज वाकणारी फळी नवशिक्याची व उड्या-गिरक्या घेणाऱ्यांची. ताठ फळी सुसाट जाणाऱ्यांची. दोन्ही टोके सारखी असलेली उलटसुलट चालते. लांब-रुंद नाकाची आणि पाय मागे सरकवून जखडायची फळी मात्र अफरवटच्या खोल, भुसभुशीत बर्फासाठी. गंडोल्याचा दुसरा टप्पा २००५ साली झाला; तो सुमारे ३,९५० मीटरांपर्यंत नेतो. त्या उतारांवर हिमलोट येतात, माणसे दगावली आहेत. तिथे वाटाड्या, शोधयंत्र, फावडे आणि बर्फ चाचपायची काठी यांच्यावाचून जाणे म्हणजे खेळ नव्हे. नवशिक्याचे गुलमर्ग खालच्या सौम्य उतारांवरच, सुमारे २,६५० मीटरांवर असते, आणि तेही कमी सुंदर नाही.

बुटांविषयी मात्र आपल्या लोकांना बजावून सांगितले पाहिजे. मुलांचे गणवेश नि बूट आपण ‘वाढत्या अंगाचे’ घेतो. इथे ते चालत नाही. बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले तरी टाच उचलू नये. थंडी म्हणून दोन-तीन मोजे चढवू नयेत. एकच लोकरी मोजा, नाहीतर बूट ढिला होतो, पाय आखडतो आणि उलट अधिकच गारठतो. कोणता पाय पुढे, हे पाहायला दुकानदाराने भाचीला गुळगुळीत फरशीवर मोज्यांनिशी घसरायला लावले. उजवा पुढे आला. या ठेवणीला इंग्रजीत ‘गूफी’, म्हणजे वेडपट, म्हणतात. पण तीत वेडेपणा काहीच नाही.

पहिला दिवस पडण्यात गेला. शिकवणाऱ्या पोराने आधी पडायलाच शिकवले : मुठी मिटून, कोपरापुढच्या हातांवर. उघडा पंजा टेकला की मनगट गेले. नवशिक्यांना ही दुखापत फार होते. शिरस्त्राण तर हवेच. दुसऱ्या दिवशी ती टाचांच्या कडेवर उभी राहून, गळणाऱ्या पानासारखी डावी-उजवीकडे झुलत उतरू लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी पहिले पुरे वळण साधले. ती ओरडली नाही, हात वर केले नाहीत. आमच्यापाशी येऊन थांबली आणि म्हणाली, “फळी माझीच वाटते रे मामा.” सौ.ने तिच्या केसांतला बर्फ झटकला. त्या संध्याकाळी तिने दोन वेळा भात मागून घेतला, हे मी आनंदाने नमूद करतो.

पुण्याला परतल्यावर स्थळांचे निरोप थांबले नाहीत. पण पुढल्या पत्रिकेत उंचीच्या खाली तिने स्वतःच्या हाताने एक ओळ घातली : वजन, अडुसष्ट किलो. तिची आई रागावली. मी म्हटले, “असू दे ताई. ज्याला मापाची फळी हवी असेल, तो विचारील.”

आपल्यापैकी कोणी येत्या हिवाळ्यात गुलमर्गला जाणार असेल, तर उसनी घेतलेली किंवा जाहिरातीत पाहिलेली फळी धरून बसू नये. चिल्लई कलानची चाळीस दिवसांची थंडी २१ डिसेंबरला सुरू होते. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फाचा संभव अधिक, तरी काही वर्षी तो उशिरा येतो, म्हणून आधी चौकशी करावी. जाताना एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून न्याव्यात : आपले वजन, पावलाचे माप, आणि आपल्याला बर्फावर खरोखर काय करायचे आहे ते. तिन्ही खऱ्या असाव्यात. बाकीचे दुकानदार पाहून घेतो.